शेवटच्या रांगेपर्यंत

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या सुमारास, कोल्हापुरात साठीच्या पुढचा ज्याला विचारावं त्याने गायक-नट केशवराव भोसल्यांचं गाणं खासबागेत, कुस्तीच्या मैदानात, ऐकलेलं असायचं. कुणी तालमीतून तसाच अंगाला माती घेऊन गेला होता, कुणी गंगावेशीत दूध घालून परतताना थांबला होता, कुणाला बापाने खांद्यावर बसवलं होतं. या सगळ्यांची बेरीज केली तर ते मैदान कितीतरी वेळा भरून सांडलं असतं. पण या दाव्यांतली एक गंमत मला फार उशिरा कळली. ‘मी पुढं बसलो होतो’ असं कुणीच म्हणत नसे. सगळे मागचे, अगदी शेवटच्या चढावरचे. आणि सगळ्यांच्या गोष्टीचा शेवट एकच: ‘तरीबी शब्द न् शब्द ऐकू आला.’

आमचे आबा, म्हणजे आजोबा, त्यातलेच एक. आबा सुतार. नाटक कंपन्यांचा मुक्काम कोल्हापुरात पडला की पडद्याच्या चौकटी, जिने, सिंहासनं अशी कामं त्यांच्या वडिलांकडे येत आणि आबा हाताखाली असत. खासबागेतला तो ‘मृच्छकटिका’चा प्रयोग झाला तेव्हा आबांना नुकतं मिसरूड फुटत होतं. ते सांगायचे, “महाराज म्हणाले, केशवराव, थेटरात बसणाऱ्यास्नी रोजच ऐकवताय. आमच्या रयतेला कधी ऐकवणार? तिकिटाला पैसं न्हाईत त्यांच्याकडं. मग काय, मैदानातच खेळ. कर्णा न्हाई, माईक न्हाई. वर आभाळ. एवढी माणसं, पर चिटपाखरू बोलंना. आन् पोरी, त्यो आवाज असा आला की शेजारी बसून कुणी गातंय.”

महाराज नेमके काय म्हणाले, हे आबांना कसं ठाऊक, असं विचारायची सोय नव्हती. गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी राजाची वाक्यं आपोआप येतात. पण शाहू महाराजांच्या आग्रहावरून केशवराव उघड्या मैदानात, कसल्याही यंत्राच्या मदतीशिवाय गायले, ही आठवण कोल्हापूरने एकमुखाने जपली आहे.

ते मैदान आणि आज केशवरावांचंच नाव असलेलं नाट्यगृह एकमेकांना लागून आहेत, हा योगायोग नाही. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात रोममधलं प्राचीन, गोल, पायऱ्यापायऱ्यांचं क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तशी बैठक आपल्याकडे कुस्तीला हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली जमीन, म्हणजे कुठेही बसा, पैलवान दिसलाच पाहिजे. लगेच पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९१३ मध्ये, त्याच्या शेजारी नाट्यगृहाचं काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये ते पुरं झालं. त्याचं नाव पॅलेस थिएटर. आमच्या घरात मात्र ते शेवटपर्यंत ‘प्यालेस थेटर’च राहिलं. मैदानात दिसण्याची सोय, थिएटरात ऐकण्याची. त्यातही थिएटरची पाठ नुसती भिंत ठेवली नाही. मैदानाच्या बाजूला उघडणारा एक रंगमंच तिथे होता. म्हणजे नाटकाने एका तोंडाने आत बसलेल्यांशी बोलावं आणि दुसऱ्या तोंडाने कुस्तीच्या मैदानाशी.

थिएटरच्या बांधकामाबद्दल आबांच्या घराण्याचा एक खास दावा होता. “छताच्या कैच्या चढवाय माझा बा होता,” असं ते सांगत. कागदोपत्री याला आधार नाही. दगड रचणाऱ्यांची आणि लाकूड चढवणाऱ्यांची नावं कोण लिहून ठेवतं? पण आबा त्या इमारतीबद्दल बोलू लागले की ऐकत राहावं. बाहेरून दगडी, आत लाकूड. प्रेक्षकांच्या मधे एकही खांब नाही. “खांब मधी आला की एक माणूस आंधळा हुतो आन् मागला बहिरा,” हे त्यांचं वाक्य. छताचा सगळा भार कैच्यांनी पेलून दोन्ही भिंतींवर सोडायचा, हे काम त्या काळी हाताने रंधा मारून, खाचा जुळवून करायचं होतं.

रंगमंचाखालच्या खड्ड्याची गोष्ट तर कोल्हापुरात प्रत्येकाने ऐकली आहे. फळ्यांच्या खाली विहिरीसारखा खड्डा आहे, त्यात पाणी असतं आणि त्या पाण्यावरून आवाज फिरून शेवटच्या माणसापर्यंत जातो. लहानपणी आम्ही पोरं विंगेत वाकून फटीतून ते पाणी शोधत असू. आबांना पाण्याचं कौतुक कमी होतं. ते म्हणायचे, “पाणी असूदे नायतर नसूदे, पोकळी पायजे. घट्ट जमिनीवर फळी ठोकली तर ती मुकी. खाली पोकळ ठेवून ठोकली तर बोलती. तबल्याला भांडं कशाला आसतंय?” पुढे मी ध्वनिशास्त्राचं थोडंफार वाचलं तेव्हा कळलं की त्यांचं म्हणणं फारसं चुकलेलं नव्हतं. पोकळीवरची लाकडी फळी पायांचा ठेका आणि गळ्याचा नाद थोडा वाढवते, वरचं लाकूड काही आवाज परत फेकतं, थोडा पिऊन टाकतं, म्हणून शब्दावर शब्द चढत नाहीत. दगडाच्या उघड्या खोलीत बोललेलं घुमतं. लाकूड असलं की ते स्पष्ट होतं.

पण इमारत अर्धंच काम करते. उरलेलं अर्धं गळ्याने करायचं असतं, आणि ते गळे तसे तयार केलेले होते. केशवरावांचंच पाहा. जन्म ९ ऑगस्ट १८९०चा, कोल्हापुरातला. वडील लवकर गेले. आई जानकीबाई. घरात दारिद्र्य म्हणून हे पोर अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झालं. देवलांच्या ‘शारदा’तली शारदा त्याने रंगवली ती मिसरूड फुटण्याच्याही आधी. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा वय अठराही नव्हतं. रामकृष्णबुवा वझ्यांकडे ते शिकले, आणि बुवांनी पुढे ललितकलादर्शच्या नाटकांना चालीही दिल्या. त्या काळात नटासमोर साथीला पायपेटी, तबला, फार तर सारंगी. रात्रभर चालणाऱ्या नाटकात एकाच पदाला चारचार वन्समोर. गळ्याने हे पेललंच पाहिजे, आणि तेही उंच पट्टीत, शब्द न खाता.

आबांना केशवरावांच्या गाण्याइतकंच त्यांच्या मंचाचं कौतुक होतं. मखमलीचा दर्शनी पडदा मराठी रंगभूमीवर आणण्याचं श्रेय केशवरावांना दिलं जातं. ललितकलादर्शचे रंगवलेले पडदे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या भावांच्या हातचे. “बाबूरावांनी जंगल काढलं की वाटायचं, आत शिरावं,” आबा म्हणत. ‘हाच मुलाचा बाप’सारखं हुंड्यावरचं सामाजिक नाटक केशवरावांनी १९१६ साली मंचावर आणलं, तेव्हा संगीत नाटक म्हणजे पुराणातल्या राजाराण्या, ही समजूत त्यांच्या कंपनीने मोडायला घेतली होती. या साऱ्या खटपटीत सुतार, रंगारी, शिंपी, पेटीवाला अशी अर्धी पेठ गुंतलेली असे. नाटक कंपनी म्हणजे पोट भरणारं एक गाव होतं.

८ जुलै १९२१ हा दिवस तर आमच्या घरात सणासारखा आठवला जाई. मुंबईच्या बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी, गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ केलं. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. शंभर रुपयांपर्यंत तिकीट. आमच्या घरातलं कुणी तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता, पण सामना कोण जिंकला हे मात्र आबांना पक्कं ठाऊक होतं. “धैर्यधरानं भामिनीला पार गप केलं.” पुण्याहून एक पाव्हणे येत, त्यांचं मत अर्थातच उलटं. जेवणाच्या पंगतीत, आमटी वाढता वाढता हा वाद पेटायचा आणि आज्जी तो एका वाक्यात विझवायची: “दोघंबी एकमेकांसाठी गायले, तुम्ही कशापायी भांडताय?”

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव पुण्यात विषमज्वराने गेले. वय ३१. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले. गाणारा आणि गायला लावणारा, सात महिन्यांच्या अंतराने. कंपनी बापूराव पेंढारकरांनी सावरली आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. पण त्या सालाबद्दल आबा फार बोलत नसत.

आज्जीच्या गोष्टी वेगळ्या असायच्या. तिने पॅलेस थिएटरात पहिलं नाटक पाहिलं ते लग्नानंतर. बायकांची बसायची जागा वेगळी, पुढे कुणाचा तरी पदर, कुणाच्या तरी मांडीवर रडणारं पोर. बालगंधर्वांच्या शालूचा काठ कसा होता, हे बघायला सगळ्या आलेल्या, आणि हिला उंची नसल्यामुळे काठ काही दिसेना. “थोडं बघितलं, ऐकलं मात्र सगळं,” ती सांगे. मग दुसऱ्या दिवशी जातं ओढताना तिने त्यातलं पद म्हणून पाहिलं आणि सासूने विचारलं, “हे कुठं शिकलीस?” तेव्हा तिने उत्तर दिलं, “शिकले न्हाई, कानात राहिलं.” ज्या बायकांना शाळा नव्हती, तंबोरा तर दूरच, त्यांच्या ओठांवर रागदारीतल्या चाली या वाटेने आल्या. संगीत नाटकाचा हा इतिहास कंपन्यांच्या जमाखर्चात सापडत नाही. तो जात्यावर आणि चुलीपुढे गुणगुणला गेला.

मग सिनेमा आला, आणि तोही कोल्हापुरातूनच. पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः खटपट करून कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी १९२९ साली इथेच ‘प्रभात’ उभी केली. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. ‘मानापमाना’च्या चाली बांधणारा कोल्हापूरचा माणूस पहिल्या मराठी बोलपटाचा नायक. नाटकाच्याच घरातली माणसं सिनेमाने नेली. परक्याने येऊन नाटक मारलं, असं म्हणायची सोय नाही. आबाही गेले. नाटक कंपन्या बसल्यावर त्यांनी आयुष्याची उरलेली वर्षं स्टुडिओत सेट ठोकले. पैसा बरा होता. पण तिथल्या कामाबद्दल ते एक गोष्ट नेहमी सांगत: “शिनेमाचा वाडा म्होरनं वाडा आन् मागनं फळकुटं. कॅमेरा बघंल तेवढंच करायचं. तिथं शेवटची रांगच न्हाई.”

१९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं. राजाचं थिएटर लोकांचं झालं, म्हणजे शहराच्या कारभाराकडे आलं. १९५७ साली त्याला केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. जो मुलगा पोटासाठी या शहरातून कंपनीत गेला, त्याचं नाव राजवाड्याच्या नावाच्या जागी लागलं. आबा त्या दिवशी नवं धोतर नेसून गेले होते, असं काका सांगतात. ज्या छतावर आपल्या बापाने काम केलं, त्याखाली आपण ऐकलेल्या माणसाचं नाव, याहून त्यांना काही नको होतं.

माझ्या वाट्याला आलेलं केशवराव नाट्यगृह हौशी नाटकवाल्यांचं होतं. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र तिथे असायचं. दिवसभर बँकेत, शाळेत, एसटीत काम करणारी माणसं संध्याकाळी खासबागेत भेळ खाऊन तालमीला जमत. आमचे सेट काका करायचे. फ्लॅट, लेव्हल, सरकते जिने सगळं हातगाडीवरून आणायचं आणि रात्री उशिरा परत न्यायचं. एव्हाना मंचावर माईक आले होते. आमच्या दिग्दर्शकांना त्यांचा राग. रंगीत तालमीला ते माईक बंद करायला लावत आणि अंधारात अगदी मागे जाऊन बसत. ऐकू आलं नाही की उभे राहून हात वर करत. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा तो हात खाली आलाच नाही. चिडून मी ओरडू लागले, तरी हात वरच. शेवटी ते पुढे आले आणि म्हणाले, “ओरडलेलं पोचतं, बोललेलं पोचत नाही तोवर पाठ झालं असं समजू नका.” केशवराव गेले त्याला तेव्हा साठ वर्षं होऊन गेली होती. पण आबांच्या गोष्टीत काय दडलं आहे, हे मला त्या फळ्यांवर उभं राहिल्यावर समजलं. मागच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. नुसता आवाज वाढवून भागत नाही.

मधल्या काळात इमारतीची डागडुजी होत राहिली. गेल्या दशकात मोठं नूतनीकरण झालं. खुर्च्या बदलल्या, यंत्रं आली. कोल्हापूरकरांनी थोडी कुरकुर केली, थोडं कौतुक केलं, आणि परत नाटकाला जाऊ लागले.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती आणि तिची तयारी झालेली होती. ज्या लाकडाने आवाज धरून ठेवला होता त्याच लाकडाने आग धरली. छत कोसळलं, मंच गेला, खुर्च्या, पडदे, दिवे गेले. मैदानाकडचा रंगमंचही आगीत सापडला. दगडी दर्शनी भाग काळवंडून उभा राहिला. सकाळी गावातले नट, गायक, तबलजी, मेकअपवाले, नेपथ्यवाले तिथे जमले आणि जयंती तिथेच, जळक्या वासात साजरी झाली. ज्यांनी जन्मात कधी एकत्र चहा घेतला नव्हता असे प्रतिस्पर्धी ग्रुपवाले गळ्यात गळा घालून रडत होते.

काका तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांना गाडीतून नेलं. ते रडले नाहीत. उघड्या आभाळाखाली भिंतींच्या वरच्या काठाकडे बोट करून म्हणाले, “कैच्या तिथं बसल्या हुत्या. आजा चढला हुता तिथं.” त्या भिंतींवरच्या खाचा पाहून मला पहिल्यांदाच वाटलं की घराण्यातला तो दावा खरा असो नाहीतर खोटा, कुणाचा तरी आजा तिथे नक्की चढला होता.

मदत लगेच जाहीर झाली. मुख्यमंत्री येऊन पाहून गेले. कलावंतांनी एकच मागणी लावून धरली: होतं तसं बांधा. राडारोडा निघाला, उरलेल्या भिंतींची तपासणी झाली आणि पुनर्बांधणीला हात लागला. ‘होतं तसं’ म्हणणं सोपं आहे, ठरवणं अवघड. १९१५ सालचं, की १९५७चं, की आगीच्या आदल्या संध्याकाळचं? आगीने एवढं शिकवल्यावर छताला पुन्हा उघडं लाकूड कुणी वापरणार नाही, वापरूही नये. बाहेर पडायच्या वाटा, पाण्याची सोय, वायरिंग आजच्या नियमांनीच हवं. दगडी कमानी हुबेहूब करता येतात. त्यासाठी फोटो आहेत, गवंडी आहेत. मला काळजी वाटते ती फोटोत न येणाऱ्या गोष्टींची.

पहिली, भाडं. हौशी ग्रुपला, शाळेच्या संमेलनाला, एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना परवडेल असं भाडं राहिलं नाही, तर ती इमारत बाहेरच्या मोठ्या प्रयोगांची होईल आणि गावाची राहणार नाही. आग लागल्यापासून स्थानिक मंडळी जागा शोधत फिरली आहेत; त्यांच्या तारखा आधी लागाव्यात. दुसरी, मैदानाकडचं तोंड. ते पुन्हा उघडावं आणि बंद पडू देऊ नये. वर्षातून निदान एक रात्र तरी असावी, जेव्हा तिकिटाशिवाय, लाल मातीच्या कडेला बसून कुणालाही नाटक पाहता येईल. महाराजांनी केशवरावांना मैदानात गायला लावलं यातला मुद्दा गायकाच्या ताकदीचा नव्हता. ऐकायला कोण बसलं आहे, याचा होता. नाट्यगृहाच्या बाबतीत हाच त्यांचा खरा वारसा आहे, आणि त्याला सिमेंट लागत नाही.

तिसरी गोष्ट काकांची. पुनर्बांधणीच्या चर्चेत ध्वनियंत्रणेची, नव्या स्पीकरांची नावं पेपरात येऊ लागली तेव्हा त्यांनी मला फोन केला. “स्पीकर बसवूद्यात, माझं म्हणणं न्हाई,” ते म्हणाले. “पर उद्घाटनाच्या आधी एक दिवस सगळं बंद ठेवायचं. मंचावर एक शाळकरी पोरगी उभी करायची आन् तिला साधं बोलाय सांगायचं. इंजिनेर, आयुक्त, आमदार, सगळ्यास्नी शेवटच्या रांगेत बसवायचं. ऐकू आलं तर बिल पास. न्हाई आलं तर परत ठोका.”

ही अट टेंडरमध्ये घालता येते का, हे मी विचारून पाहणार आहे.